व्हिवाल्दीचा मँडोलिन कॉन्चेर्तो : इवल्या आवाजाचं वाद्य ऑर्केस्ट्रापुढे टिकतं कसं?

निषाद७ :

गेले काही दिवस आन्तोनिओ व्हिवाल्दी या अठराव्या शतकातल्या इटालियन संगीतकाराचा सी मेजरमधला मँडोलिन कॉन्चेर्तो (त्याच्या रचनांच्या यादीत आरव्ही ४२५) ऐकतोय. कॉन्चेर्तो म्हणजे एक सोलो वाद्य आणि त्याला ऑर्केस्ट्राची साथ. तीन भाग आहेत, जलद–संथ–जलद, आणि सगळा कॉन्चेर्तो आठेक मिनिटांत संपतो. ‘क्रेमर व्हर्सेस क्रेमर’ हा १९७९चा सिनेमा पाहिलेल्यांच्या कानावरून तो नक्की गेलेला असेल. ऐकायला सोपा आणि मोकळा वाटतो, म्हणून बरेच जण त्याला गोड, हलकंफुलकं म्हणून बाजूला ठेवतात. हा धागा काढण्याचं कारण तेच. मला त्यातली सगळ्यात हुशारीची जागा मँडोलिनच्या सुरावटीत सापडत नाही, ती साथीत सापडते.

अडचण काय आहे ते आधी बघा. मँडोलिनचा स्वर छेडला की लगेच विरू लागतो. व्हायोलिनवाला गज ओढत राहील तोवर त्याचा स्वर तेवत राहतो, हवा तर वाढतोसुद्धा. अशी दहा व्हायोलिन्स एकीकडे आणि इवलीशी तबली असलेलं एक मँडोलिन दुसरीकडे. पंगतीत दहा जण मोठमोठ्याने बोलत असताना एखाद्या आजीने कोपऱ्यातून मीठ मागावं, तशी त्याची गत. मग याला सोलोच्या खुर्चीत बसवायचं तरी कशाच्या जोरावर?

व्हिवाल्दीने मँडोलिनला ओरडायला लावलं नाही, बाकीच्यांचे गज खाली ठेवायला लावले. हस्तलिखितात त्याने स्वतःच सूचना लिहून ठेवली आहे, की व्हायोलिन्स सगळी पिझिकातो, म्हणजे बोटांनी तार छेडून, वाजवली तरी चालेल. याचा परिणाम बघा. बोटाने छेडलेला व्हायोलिनचा स्वर मँडोलिनपेक्षाही लवकर मरतो. दोन ठोक्यांच्या मध्ये जी रिकामी जागा उरते तिच्यात मँडोलिनचे बारीक, जलद स्वर स्वच्छ ऐकू येतात. गजाने वाजवलेली साथ असती तर ती जागाच राहिली नसती.

दुसरी युक्ती बासची. सोलो सुरू झाला की चेलो आणि बास गप्प करायचे आणि आधार व्हायोलिन–व्हिओलांकडे द्यायचा, ही व्हिवाल्दीची एरवीचीही सवय. व्हायोलिन कॉन्चेर्तोंमध्ये ती रंगत म्हणून येते. मँडोलिन समोर असेल तर तिची गरजच पडते.

आणि तिसरी गोष्ट लिखाणातली. त्याने मँडोलिनला लांब, ताणलेले स्वर जवळजवळ दिलेलेच नाहीत. संथ भागातसुद्धा सुरावट छोट्या तुकड्यांत मोडलेली आहे. जो स्वर टिकणारच नाही त्याच्याकडून टिकण्याची अपेक्षा करायची नाही.

इथे कोणी मँडोलिन वाजवणारे आहेत का? तुमचा अनुभव वाचायला आवडेल.

खडीसाखर :

मस्त धागा. वाचतेय.

बाबूराव_तंबोरे :

छान लिहिलंय. पण एक शंका. आमच्या पिढीला मँडोलिन म्हटलं की हिंदी सिनेमा आठवतो. एकाच स्वरावर नखी झरझर चालते आणि स्वर थरथरत लांब होत जातो, ते मँडोलिन. लक्ष्मीकांत–प्यारेलालमधले लक्ष्मीकांत स्वतः मँडोलिन वाजवायचे, सज्जाद हुसेन तर त्यावर रागदारी वाजवायचे. तुमच्या व्हिवाल्दीत ती थरथर कुठेच सापडली नाही. दोनदा ऐकला. स्वर टिकत नाही म्हणता, तर थरथरीने टिकवायचा की. एवढा साधा उपाय त्याला सुचला नसेल?

निषाद७ :

बाबूराव, प्रश्न एकदम नेमका आहे. उत्तर असं की व्हिवाल्दीच्या डोळ्यांसमोर असलेलं वाद्य आणि आपल्या डोळ्यांसमोरचं वाद्य ही दोन वेगळी वाद्यं आहेत.

आपल्याकडे आलेलं मँडोलिन नेपल्सच्या वाद्याच्या वंशातलं. धातूच्या तारांच्या चार जोड्या, नखीने वाजवायचं. ते घडवणाऱ्यांत नेपल्सच्या विनाच्चा घराण्याचं नाव मोठं, आणि त्याचा जम बसला तो अठराव्या शतकाच्या मध्यावर, १७४०च्या दशकापासून. व्हिवाल्दी १७४१ मध्ये व्हिएन्नात वारला. म्हणजे त्याची बहुतेक कारकीर्द उत्तर इटलीतल्या जुन्या ‘मान्दोलीनो’च्या काळातली. ते ल्यूट या छेडून वाजवायच्या जुन्या वाद्याच्या कुळातलं, आकाराने अगदी लहान, आतड्याच्या तारांचं. जोड्या चार, पाच किंवा सहा. घोडी ल्यूटसारखी तबलीवरच चिकटवलेली. नेपल्सच्या वाद्यात घोडी सुटी असते आणि तारा तिच्यावरून जाऊन थेट भोपळ्याच्या टोकाला अडकवलेल्या असतात. घोडीवरचा दाब पेलावा म्हणून तबलीला किंचित बाकही दिलेला असतो. ताण वाढला, आवाज वाढला.

अंतोनिओ स्त्रादिवारीनेही मान्दोलीनो घडवले होते. त्याचा १६८०चा एक नमुना अमेरिकेत साउथ डाकोटातल्या व्हर्मिलियनच्या नॅशनल म्युझिक म्युझियममध्ये आहे. फोटो शोधून बघा, व्हायोलिनपेक्षा केवढा चिमुकला दिसतो!

सूर लावण्यातही फरक आहे, आणि आपल्या भाषेत तो चटकन कळतो. नेपल्सचं मँडोलिन व्हायोलिनसारखं लावतात, जी-डी-ए-ई. एका तारेला सा धरला तर पुढची तार प. जुना मान्दोलीनो षड्ज-मध्यमाने लावायचा. सहा जोड्यांचा असेल तर जी-बी-ई-ए-डी-जी. सगळ्यात खालच्या दोन जोड्यांत गंधाराचं अंतर, बाकी सगळीकडे मध्यमाचं. तारा जवळजवळच्या स्वरांना लावलेल्या, त्यामुळे हात दांडीवर फारसा सरकवावा लागत नाही, बोटं एका तारेवरून दुसरीवर उड्या मारतात. कॉन्चेर्तोतल्या त्या भराभर चढणाऱ्या-उतरणाऱ्या झुपक्यांचं एवढं अप्रूप वाटतं ना, ते या ठेवणीत हाताला आपसूक सापडतात.

आता थरथर. तो वाजवण्याचा मुख्य ढंग झाला तो एकोणिसाव्या शतकात, पोलादी तारा आणि टणक नखी आल्यावर. आतड्याच्या मऊ तारांवर, बोटांनी किंवा पिसाच्या देठाने वाजवताना, तो तसा उमटतही नाही. म्हणजे उपाय सुचण्या-न सुचण्याचा मुद्दाच नव्हता. त्याच्या हातातल्या वाद्याची ती भाषाच नव्हती.

सारंगीवेडा :

या ‘आतड्याच्या तारे’ला आपल्याकडे तात म्हणतात बरं का. सारंगीच्या मुख्य तारा तातीच्याच. तातीचा गुण असा की स्वर गोल निघतो, पोलादासारखा खणखणीत नाही. दोष असा की हवेतल्या दमटपणाने सूर हलतो. पावसाळ्यात मुंबईत सारंगी लावून बसा, मग कळेल. व्हेनिस तर पाण्यातच उभं. त्या बिचाऱ्यांचा निम्मा वेळ सूर लावण्यातच जात असणार.

गिटारगोंधळ्या :

निषाद, मी गिटारवर व्हिवाल्दीचा डी मेजरमधला ल्यूट कॉन्चेर्तो (आरव्ही ९३) वाजवतो. गिटारवाल्यांचा तो अगदी हातखंडा आहे. त्याची मूळ मांडणी पाहिली की तुमचा मुद्दा आणखी पक्का होतो: ल्यूट, दोन व्हायोलिन्स आणि बास. व्हिओला नाहीच. बोहेमियातल्या काउंट व्हर्त्बीसाठी १७३०च्या आसपास लिहिलेला हा कॉन्चेर्तो, दिवाणखान्यात चार-पाच जणांनी वाजवायचा. आपण तो साठ-सत्तर वादकांच्या ऑर्केस्ट्राबरोबर हजार माणसांच्या सभागृहात वाजवतो आणि मग तक्रार करतो की वाद्याचा आवाज पोचत नाही. वाद्य तेच आहे. खोल्या वाढल्या.

त्यातला लार्गो, म्हणजे संथ भाग, ऐका. बाकीचे नुसते लांब सूर धरून बसलेत आणि ल्यूट वर एकटं फिरतंय.

कोरा_कागद :

धागा आवडला, पण जरा उलट बाजूने. व्हिवाल्दीने पाचशेच्या आसपास कॉन्चेर्तो लिहिले, त्यातले निम्म्याच्या आसपास व्हायोलिनसाठी. बासून या फुंकून वाजवायच्या वाद्यासाठी तीन डझनांच्या वर. आणि एकट्या मँडोलिनसाठी? एक. फक्त एक. बाख शून्य. मग मँडोलिन हे ‘बरोकमधलं (साधारण १६०० ते १७५०च्या संगीतातलं) सोलो वाद्य’ असं काही होतं तरी का? की एका लोकप्रिय तुकड्यावरून आपण अख्खी परंपरा उभी करतोय? मला तरी हा आजच्या मँडोलिनवाल्यांनी आपल्या वाद्यासाठी शोधलेला वंशवृक्ष वाटतो. कुळ मोठं दाखवायची हौस कोणाला नसते!

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

निषाद७ :

कोरा_कागद, पॉपकॉर्न ठेवा बाजूला, काम आहे.

एकट्या मँडोलिनसाठी एक, हे बरोबर. पण दोन मँडोलिन्ससाठी जी मेजरमधला आरव्ही ५३२ आहे, आणि तो माझ्या मते ४२५पेक्षा सरस. दोघं एकमेकांच्या तोंडून वाक्य काढून घेतात. मधला संथ भाग ऐकताना कुठे पहिला थांबला आणि कुठे दुसरा सुरू झाला ते डोळे मिटून सांगून दाखवा.

मग आरव्ही ५५८. यात व्हिवाल्दीने वाद्यांची जत्राच भरवली आहे. दोन बासऱ्या, दोन मँडोलिन्स, दोन थिऑर्बो (लांब दांडीची ल्यूट), क्लॅरिनेटच्या आधीची दोन शाल्युमो, एक चेलो, आणि ट्रॉम्बा मरीना या खरखरीत आवाजाच्या वाद्याची नक्कल करणारी दोन व्हायोलिन्स. २१ मार्च १७४० रोजी सॅक्सनीचा राजपुत्र फ्रेडरिक क्रिस्तियान व्हेनिसच्या ‘ओस्पेदाले देल्ला पिएता’मध्ये आला होता, त्या मैफलीसाठी. पिएता म्हणजे टाकून दिलेल्या मुलांना सांभाळणारी संस्था. तिथल्या मुलींचं वादन-गायन युरोपभर गाजलेलं. चर्चमध्ये त्या वरच्या सज्जात जाळीआड बसून वाजवायच्या. व्हिवाल्दी १७०३पासून तिथे शिकवत होता. हाताशी इतकी वाद्यं आणि इतक्या तयारीच्या वादक मुली असल्यावर असले प्रयोग सुचणारच.

याच पिएतासाठी १७१६ मध्ये त्याने ‘युदिता त्रिउम्फान्स’ हा ऑरातोरिओ, म्हणजे अभिनयाशिवाय गायची धार्मिक संगीतकथा, लिहिला. कोर्फूला तुर्कांचा वेढा पडला होता, तो उठल्याचा आनंद. तंबूत शत्रूचा सेनापती होलोफर्नीस, समोर जुडिथ, आणि ती गाते, की काळ सरतो, वर्षं उडून जातात. या गाण्याला साथ कोणाची? एका मँडोलिनची, आणि खाली पिझिकातो. स्वर छेडला की विरतो हा वाद्याचा जो दोष आपण पहिल्या पोस्टपासून उगाळतोय, तोच इथे त्याने अर्थासाठी वापरला. युद्धाच्या जयजयकाराने भरलेल्या त्या रचनेत हे गाणं सगळ्यात आधी मनात राहतं.

हँडेलनेही हे केलंय. १७४८च्या ‘अलेक्झांडर बॅलस’मध्ये क्लिओपात्राच्या एका गाण्यात सोनेरी वीणेचा उल्लेख येतो, तिथे हार्प आणि मँडोलिन. हासे या जर्मन संगीतकाराच्या नावावर जी मेजरमधला एक मँडोलिन कॉन्चेर्तो आहे.

तेव्हा यादी लांब नाही हे कबूल. पण मुद्दा लांबीचा नव्हताच माझा. प्रत्येक ठिकाणी या वाद्यासाठी जागा कशी मोकळी करून दिली आहे ते बघा.

कोरा_कागद :

‘युदिता’तलं गाणं ऐकलं. ते सुंदर आहे, वादच नाही. तरी माझा मुद्दा शिल्लकच. गाण्याच्या साथीला मँडोलिन, प्रसंगाला रंग म्हणून मँडोलिन, राजपुत्राच्या करमणुकीला मँडोलिन. हे ‘खास पाहुणे’ झाले. घरातली माणसं म्हणजे व्हायोलिन, ओबो, बासून.

रानजाई :

कोरा_कागद यांचं बरोबर आहे, पण त्यामागचं कारण सांगायला हवं. त्या काळी नुसतं मँडोलिन वाजवून पोट भरणारे फार थोडे. ल्यूट किंवा थिऑर्बो वाजवणारा गरज पडली की मान्दोलीनो उचलायचा. आणि दुसरे वादक म्हणजे हौशी श्रीमंत. फेराराच्या मार्क्विस ग्विदो बेन्तिवोल्योला व्हिवाल्दीने डिसेंबर १७३६ मध्ये लिहिलेलं पत्र आहे. त्यात तो विचारतो, की मँडोलिन वाजवायची आवड अजून आहे ना? कॉन्चेर्तो याच माणसासाठी लिहिला असा दुवा काही जण जोडतात. पत्रातून तेवढं सिद्ध होत नाही. पण वाद्याच्या पाठीशी कोण उभं होतं ते कळतं.

(अवांतर: या मार्क्विसची मनधरणी चालली होती ती फेरारातल्या ऑपेरांसाठी. पुढच्याच वर्षी तिथल्या कार्डिनलने व्हिवाल्दीला शहरात यायलाच बंदी केली. धर्मगुरू असून मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) म्हणत नाही आणि आन्ना जिरो या गायिकेशी मैत्री आहे, ही कारणं. सगळा हंगाम बोंबलला.)

हौशी माणसाला फार अवघड देऊन चालत नाही आणि फार सोपं दिलं तर त्याचा मान राहत नाही. ४२५ नेमका तसाच आहे. कमी कष्टात भाव खाऊन जाणारा.

तुमचा_आमचा_बाख :

+१ रानजाई.

या हस्तलिखितांचीच गोष्ट एखाद्या रहस्यकथेसारखी आहे, कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. व्हिवाल्दी वारल्यावर त्याचं नाव जवळजवळ पुसलं गेलं. त्याने स्वतःजवळ ठेवलेल्या संहितांचा गठ्ठा हातोहाती फिरत राहिला. १९२६ मध्ये उत्तर इटलीतल्या एका सालेसियन शाळेने इमारत दुरुस्तीसाठी जुनी पुस्तकं विकायची ठरवली आणि किंमत काढायला तुरिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे पाठवली. तिथे आल्बेर्तो जेन्तिली या संगीत अभ्यासकाने खोकी उघडली. ९७ खंड, आणि त्यातले कितीतरी व्हिवाल्दीचे.

ग्रंथालयाकडे पैसे नाहीत. सरकारला कळलं तर ठेवा दुसरीकडे जाईल ही भीती. शेवटी रोबेर्तो फोआ नावाच्या व्यावसायिकाने ते विकत घेऊन आपल्या वारलेल्या लहान मुलाच्या स्मरणार्थ ग्रंथालयाला दिले. मग जेन्तिलीच्या लक्षात आलं, की हा निम्माच गठ्ठा आहे. बाकीचा जिनोआत दुराझ्झो घराण्याच्या वारसाकडे. म्हातारा हट्टी, विकायला तयार होईना. १९३० मध्ये तोही मिळाला, तो फिलिप्पो जोर्दानो या दुसऱ्या उद्योगपतीच्या पैशांनी. आणि त्याचाही लहान मुलगा गेलेला. आजही तुरिनमध्ये ते संग्रह फोआ आणि जोर्दानो याच नावांनी ओळखले जातात. हे मँडोलिन कॉन्चेर्तो त्या ठेव्यातूनच आपल्यापर्यंत आले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी कोरा_कागद यांना ‘एक’सुद्धा मोजता आला नसता.

‘आरव्ही’ म्हणजे पेटर र्‍योम या डॅनिश अभ्यासकाने केलेल्या यादीतला क्रमांक, इतकंच.

कोरा_कागद :

हे वाचून पॉपकॉर्न खरंच बाजूला ठेवले.

ऱ्हाईनकाठची :

जर्मनीतून. इकडे मँडोलिनला ‘खास पाहुणा’ म्हटलंत तर भांडण होईल. गावोगावी मँडोलिन-गिटारचे हौशी ऑर्केस्ट्रा आहेत, आणि राज्यांच्या संगीत परिषदांनी २०२३ साठी ‘वर्षाचं वाद्य’ म्हणून मँडोलिनच निवडलं होतं. वुपर्टालमध्ये मँडोलिन घेऊन रीतसर पदवी करता येते. कातेरिना लिख्टेनबर्ग तिथे शिकवतात आणि त्या जुनी, तातीच्या तारांची वाद्यंही वाजवतात. निषाद यांनी सांगितलेला फरक कानाने समजून घ्यायचा असेल तर त्यांचं वादन जरूर शोधा.

५५८चं हस्तलिखित मात्र तुरिनला नाही, ते ड्रेस्डेनला आहे. राजपुत्र मैफलीच्या संहिता घरी घेऊन गेला!

बरोकनंतरचं थोडं: मोत्सार्टने १७८७ मध्ये ‘डॉन जोव्हान्नी’त खिडकीखालच्या गाण्याला मँडोलिन दिलं, बेथोव्हेनने १७९६ मध्ये प्रागला काउंटेस योसेफिना क्लारीसाठी छोटे तुकडे लिहिले, हुमेलने १७९९ मध्ये बोर्तोलात्सीसाठी अख्खा कॉन्चेर्तो. पुढे पियानो मोठा झाला, सभागृहं मोठी झाली, आणि मँडोलिन ऑर्केस्ट्राच्या खोलीतून बाहेर पडलं.

पणजीकर_फिडल :

निषादबाब, धागा बरा जमलाय. माझा प्रश्न व्यवहारातला. आम्ही हौशी व्हायोलिनवाले आहोत, दोन व्हिओला, दोन चेलो आणि एक डबल बास, मिळून पंधरा जण. ख्रिसमसच्या आसपास एका चॅपेलमध्ये ४२५ वाजवायचा बेत आहे. मँडोलिन वाजवणारा पोरगा तयारीचा आहे, वाद्य नेपल्सच्या पद्धतीचं, पोलादी तारा. पहिल्या तालमीत तो वाजवताना दिसत होता, ऐकू येत नव्हता. माइक लावा म्हणतात सगळे. मला नको वाटतं. काय करावं?

निषाद७ :

पणजीकर, माइक अगदी शेवटी. त्याआधी हे करून बघा.

डबल बासला या एका कॉन्चेर्तोपुरती सुट्टी द्या. रागावेल, पण द्या. चेलो एकच ठेवा. व्हायोलिन्स पहिली-दुसरी मिळून चार, फार तर सहा. उरलेल्यांना कार्यक्रमातला दुसरा तुकडा द्या. हार्पसिकॉर्ड किंवा कीबोर्ड असेल तर त्याला सोलोच्या जागी फक्त खालची ओळ वाजवू दे, उजवा हात मांडीवर. तोही छेडलेल्या तारांचा आवाज, थेट मँडोलिनच्या रंगावर येऊन बसतो.

पिझिकातो कुठे करायचा यावर दोन मतं आहेत. काही जण सुरुवातीपासून शेवटपर्यंत करतात. मला ते कंटाळवाणं वाटतं. ऑर्केस्ट्राचे स्वतःचे परिच्छेद गजाने वाजवा आणि सोलो आला की गज खाली. मँडोलिन आलं की समोरचं दृश्यच बदलतं, ते श्रोत्यालाही कळतं. फक्त गज धरलेल्या हातानेच छेडायची सवय नसेल तर ती अदलाबदल तालमीत घोटून घ्या, नाहीतर पहिला ठोका हमखास हुकतो.

छेडताना घोडीजवळ नको. दांडीच्या टोकाकडे, बोटाच्या मांसल भागाने. नखाचा ‘टक्’ आला की तो मँडोलिनचाच वाटतो आणि सगळं गिचमिड होतं.

आणि पोराला सांगा, जोर करू नकोस. जोर केला की पोलादी तार नुसती खणकते, स्वर वाढत नाही. मऊ नखी, घोडीपासून दोन बोटं दूर.

रानजाई :

मी उलट मताची आहे. सबंध पिझिकातोच करा. व्हिवाल्दीने स्वतः पर्याय लिहून दिलाय आणि पंधरा हौशी माणसांच्या गटात गज-बोट-गज अदलाबदल म्हणजे प्रत्येक वळणावर गोंधळ. शिवाय छेडलेल्या तारांचा अख्खा गट ऐकणं हा एरवी न मिळणारा अनुभव आहे. कंटाळवाणं बिलकुल होत नाही. एकच सांगते, पिझिकातोत लय पळते. सगळे नकळत जलद होतात आणि शेवटच्या भागात मँडोलिनवाल्याची त्रेधा उडते. चेलोवाल्याला घट्ट बसायला सांगा.

पणजीकर_फिडल :

दोघांचं करून बघतो. डबल बासवाला माझा साडू आहे, तेवढं तुम्ही येऊन सांगा.

बाबूराव_तंबोरे :

हाहा. पण माइकला एवढं का भ्यायचं? यू. श्रीनिवास यांनी काय केलं? इलेक्ट्रिक मँडोलिन घेतलं, जोड्यांच्या जागी एकेक तार, एकूण पाच, आणि त्यावर कर्नाटक संगीतातली गमकं काढून दाखवली. जोडतारेवर स्वर खेचणं किती अवघड ते वाजवणाऱ्याला विचारा. आवाजाचा प्रश्न विजेने सोडवला आणि वाद्य मैफलीचं मुख्य वाद्य झालं. २०१४ मध्ये पंचेचाळिशीतच गेले, केवढं नुकसान. व्हिवाल्दीच्या काळी वीज असती तर त्यानेही प्लग खुपसलाच असता.

निषाद७ :

बाबूराव, श्रीनिवासांपुढे दंडवतच. पण त्यांना गमकासाठी स्वर लांब टिकायला हवा होता, म्हणून त्यांनी वाद्यच बदललं. इथे रचनाच न टिकणाऱ्या स्वराच्या मापाने बेतलेली आहे. आवाज वाढवला की साथीशी असलेला तोल जातो आणि पिझिकातोला काही अर्थच उरत नाही.

गिटारगोंधळ्या :

ऐकायला कोणतं ध्वनिमुद्रण घ्यावं? मला उगो ओर्लान्दी आणि क्लाउदिओ शिमोने यांच्या ‘इ सोलिस्ती वेनेती’चं जुनं मुद्रण आवडतं. आवी अविताल यांचं २०१५चं व्हेनिस बरोक ऑर्केस्ट्राबरोबरचं जास्त झणझणीत आहे. अविताल ओर्लान्दींकडेच पादुआला शिकले, तरी दोघांचा बाज किती वेगळा!

खडीसाखर :

अवितालच्या त्याच अल्बममध्ये व्हिवाल्दीच्या ‘फोर सीझन्स’ या व्हायोलिन कॉन्चेर्तोंमधला उन्हाळा मँडोलिनवर आहे. ऐकून दचकले. वादळाचा तो भाग व्हायोलिनसाठी लिहिलेला ना? आणि बाखचे कॉन्चेर्तोही ते मँडोलिनवर वाजवतात. बाखने मँडोलिनसाठी काहीच लिहिलं नाही असं वर वाचलं. मग हे चालतं का?

तुमचा_आमचा_बाख :

खडीसाखर, न चालायला काय झालं? बाखने स्वतः व्हिवाल्दीचा चार व्हायोलिन्सचा कॉन्चेर्तो (ओपस ३ मधला दहावा) चार हार्पसिकॉर्डसाठी करून घेतला होता. वाद्य बदलणं हा त्या काळचा रोजचा धंदा. क्रिस थिली यांनी एकट्या व्हायोलिनसाठीचे बाखचे सोनाता-पार्तिता मँडोलिनवर वाजवलेत, २०१३चं मुद्रण आहे. साथच नाही, त्यामुळे झाकलं जाण्याची भीती नाही. तिथे मँडोलिन केवढं मोठं वाटतं!

निषाद७ :

थिलींचं सुंदरच आहे. ‘उन्हाळा’ मात्र मला पटला नाही. थरारक आहे, पण तिथे ऑर्केस्ट्रा मुळात व्हायोलिनशी झुंजायला लिहिलेला. मँडोलिनला सतत धावत, थरथरत त्याच्या बरोबरीला राहावं लागतं. त्यानंतर लगेच ५३२ लावा आणि मधला भाग ऐका.

पणजीकर_फिडल :

तालीम झाली. चार व्हायोलिन्स, एक व्हिओला, एक चेलो. रानजाईताईंच्या पद्धतीने सबंध पिझिकातो केला तर मँडोलिन मागच्या बाकापर्यंत स्वच्छ पोचलं, पण शेवटचा भाग खरंच पळाला. निषादबाबांच्या पद्धतीने भारी वाटलं, फक्त दोनदा गज खाली पडले. पुढच्या रविवारी परत बसतोय. साडू अजून बोलत नाही.